छतावरचं बदक

वस्तादांची पाठ आजवर कुणी टेकवली नव्हती. हे ते स्वतः सांगायचे, त्यांची मुलगी सांगायची, कोपऱ्यावरचा न्हावी सांगायचा. नवा माणूस भेटला तर त्याने विचारायच्या आधी सांगायचे. एवढंच कशाला, वस्ताद झोपायचेसुद्धा कुशीवर. कंबरेसाठी सरळ पाठीवर झोपत चला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "आयुष्यभर कुणाकडून हरलो नाही, आता काय अंथरुणाकडून हरू?" असं म्हणून वस्तादांनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. हट्टाला औषध नसतं.

अशा माणसाचा जावई होणं म्हणजे खायचं काम नाही. ते काम कपाटाने केलं होतं.

कपाट हे त्याचं तालमीतलं नाव. दारात उभा राहिला की खोलीत अंधार व्हायचा, म्हणून पोरांनी ठेवलेलं. शिवाय त्याचा धंदाही घरसामान हलवायचा, म्हणजे दिवसभर खांद्यावर कपाटंच. नावाला दोन्ही बाजूंनी आधार होता, त्यामुळे ते जे चिकटलं ते चिकटलं. खांद्यावरून रुंद पट्टा घ्यायचा, आरशाला जुनं ब्लँकेट गुंडाळायचं, आणि जिन्याच्या वळणावर तीन दारी कपाट असं तिरकं करायचं की भिंतीचा पोपडासुद्धा निघू नये, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. "वजन उचलायचं नसतं, त्याला फिरवायचं असतं," हे तो नव्या हमालांना सांगायचा. हे वाक्य मुळात वस्तादांचं. दहा वर्षांचा असताना तो पहिल्यांदा तालमीत आला तेव्हा त्यांनी त्याला सांगितलेलं. बाप लवकर गेलेला, आई दोन ठिकाणी कामाला, पोरगं रस्त्यावर उनाडतंय हे बघून वस्तादांनी त्याला कानाला धरून आत आणलं. मग कुस्ती शिकवली, कामाला लावलं आणि शेवटी मुलगीही दिली. एवढं सगळं एकाच माणसाकडून मिळालं की त्या माणसाशी खोटं बोलणं किती जड जात असेल, याचा विचार करा. आणि कपाट वर्षभर खोटं बोलत होता.

पण थांबा, आधी तालीम बघू, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

तालीम लाकडाच्या वखारीखालच्या तळघरात होती. उतरताना डोकं वाकवायचं, नाहीतर चौकट आठवण करून द्यायची. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड गादी, तिच्यावर ताणून बसवलेलं रबरी कापड, कोपऱ्यात दोर आणि वजनं, आणि कडेला एक लाकडी स्टूल. स्टूल वस्तादांचं. त्यांचा उजवा गुडघा कामातून गेलेला होता. शेवटच्या कुस्तीत समोरच्याने पाय अडकवून त्यांना मागे रेटलं. खाली बसले असते तर पाठ टेकली असती, गुडघा वाचला असता. वस्ताद बसले नाहीत. पाठ राहिली, गुडघा गेला. तेव्हापासून त्यांनी गादीवर पाऊल टाकलं नव्हतं. स्टुलावरून ओरडायचे, काठीने दाखवायचे. गादीकडे बघताना मधूनच त्यांचे खांदे आपोआप हलायचे, पण तिकडे कुणी लक्ष दिल्यासारखं करायचं नाही.

आणि या तालमीच्या छतावर एक बदक होतं.

वर वखारीतल्या मोरीचं पाणी कधीकाळी झिरपलं होतं, त्याचा तो डाग. दोन तुळयांच्या मधे, गादीच्या बरोबर मध्यावर. चोच, मान, गुबगुबीत पोट, सगळं जिथल्या तिथे. कडेच्या स्टुलावरून ते दिसायचं नाही, तुळई आड यायची. उभ्या माणसालाही दिसायचं नाही, कारण कुस्ती खेळताना वर बघायला कुणाला वेळ असतो? ते दिसायचं फक्त चारी मुंड्या चीत झालेल्याला. बाहेरच्या जगात हरवणारा हरणाऱ्याला आस्मान दाखवतो. तळघरात आस्मान कुठून आणणार? म्हणून इथे बदक दाखवायचे. "काय रे, बघितलंस का आज बदक?" "दोनदा बघितलं बाबा, अगदी डोळे भरून." पोरांच्या तोंडी हे सारखं असायचं. वस्तादांनी एकदा विचारलं, "हे काय रे बदक-बदक?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. सांगणार काय? सांगायचं म्हणजे 'पाठीवर पडा, मग दिसेल' असंच सांगावं लागलं असतं. वस्तादांना वाटलं, असेल आजकालच्या पोरांचा काहीतरी चावटपणा. त्यांनी परत विचारलं नाही.

तर कपाटाचं खोटं असं सुरू झालं.

एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर लोखंडी कपाट चढवायचं होतं. लिफ्ट बंद. असायचीच, लिफ्ट चालू असेल तर आम्हाला कोण बोलावतंय, असं कपाटाचा जोडीदार म्हणायचा. घामाघूम होऊन दोघं वर पोचले तर आत गाद्या अंथरलेल्या आणि जाड सुती जाकीट घातलेली माणसं एकमेकांत गुरफटलेली. कुणी पाठीवर, कुणी पोटावर. काही उताणी पडून खेळतायत, आणि वर हसतायतसुद्धा! कपाटाला आधी वाटलं, अपघात झालाय.

शिकवणारी बाई किडकिडीत, चष्म्याच्या दुकानात कामाला होती. सगळे तिला चष्मेवाली म्हणत. ती स्वतः मात्र खेळताना चष्मा काढून ठेवायची आणि मग तिला हातभरापलीकडचं दिसायचं नाही. "लागतंय कशाला? माणूस हातातच असतो की," असं तिचं म्हणणं.

तिने कपाटाचे कान बघितले. कुस्तीगिराचे कान लपत नाहीत, फुगून घट्ट झालेले असतात. "कुस्ती?" तिने विचारलं. "हो." "या ना मग, पाणी पिऊन झालं की. हे जुजुत्सू आहे, तुमच्याच भावकीतलं."

"बाईमाणसाशी कसं खेळायचं?" कपाट पुटपुटला.

"जपून," चष्मेवाली म्हणाली.

कपाटाने तिला अगदी हलक्या हाताने उचललं, काचेचं सामान ठेवावं तशी खाली ठेवली, दोन्ही खांदे टेकवले, आणि उठून उभा राहिला. सवयीने हातही वर गेला.

ती तिथेच पडून होती. "कुठे निघालात?"

"झालं ना. पाठ टेकली तुमची."

"हो, टेकली. आता सुरू करू या का?"

आणि मग त्या बाईने काय केलं ते कपाटाला कळलंच नाही. तिचे पाय त्याच्या कंबरेभोवती, त्याचाच हात त्याच्याच गळ्याभोवती, आणि डोळ्यापुढे काजवे. "थाप मारा!" जोडीदार नव्हे, दुसरंच कुणीतरी ओरडलं. "थाप मारा, सोडेल ती!" कपाटाने दोनदा गादीवर थाप मारली. तिने तत्क्षणी सोडलं आणि विचारलं, "बरे आहात ना?"

कपाटाला हरल्याची लाज वाटायला हवी होती. ती काही केल्या येईना. तो जिना उतरताना हसत होता. जोडीदाराला वाटलं, याच्या मेंदूला रक्त पोचायला वेळ लागतोय.

त्याचं असं होतं की कपाट चाळिशीला आला होता. दहाव्या वर्षापासून तो एका भीतीत जगला होता, पाठ टेकायची भीती. पाठ टेकली की संपलं, वस्ताद मान फिरवणार. आणि इथे एक बाई सांगत होती की पाठ टेकली की सुरू होतं. पुढच्या मंगळवारी तो परत गेला. त्याच्या पुढच्याही गेला. मधेमधे तिथे एक पोस्टमन यायचा, तो जुडोवाला. तो फक्त पडायला शिकवायचा. "पडणं हीसुद्धा कला आहे, साहेब. सगळेच पडतात, पण नीट कोण पडतं?" कपाट पडायला शिकला, उताणं राहून पायांनी माणूस रोखायला शिकला, वेळेवर थाप मारायला शिकला. खरं सांगायचं तर थाप मारणं सगळ्यात कठीण गेलं. कुस्तीगिराचा हात त्यासाठी उठतच नाही.

बायकोला कळलं ते धुण्यात. बादलीत हे जाड पांढरं जाकीट. "हा कुणाचा अंगरखा?" ती त्याला लहानपणापासून अरेतुरे करायची. लग्नानंतर चारचौघात 'अहो' म्हणायची, आणि घरात 'अहो' म्हणाली तर समजायचं, काहीतरी बिनसलंय. या वेळी ती म्हणाली, "अहो, जरा इकडे या." कपाटाने सगळं ओकून टाकलं.

ती बराच वेळ जाकीट पिळत राहिली. "बाबांना कळलं तर?"

"कळणार नाही."

"त्यांचं तुला माहितीये. एक ना धड भाराभर चिंध्या, दुसरं बोलणार नाहीत. एक गुरू, एक गादी." मग तिने जाकीट खिडकीबाहेर न घालता न्हाणीघरात वाळत घातलं. झालं, अळीमिळी गुपचिळी. मंगळवार आला की वखारीत निरोप जायचा, कपाटाचं काम लांबलंय.

आता मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणून जगाला दिसत नाही असं थोडंच आहे?

दरवर्षी शहरातल्या तालमींच्या आपसात कुस्त्या व्हायच्या. त्या वर्षी वस्तादांची तालीम आणि नदीपलीकडची तालीम अगदी बरोबरीत आल्या. शेवटची कुस्ती कपाटाची, समोर बर्फाच्या कारखान्यातला गडी. वस्ताद गादीच्या कडेला, गळ्यात पंचा, स्टुलाच्या टोकावर. कपाट गुणांनी पुढे होता. फक्त वेळ काढायची होती. बर्फवाल्याने मुसंडी मारली. कपाट थकलेला, डोकं बंद, हातपाय आपापल्या सवयीने चाललेले. आणि त्या सवयी आता दोन घरच्या होत्या.

कपाट खाली बसला. बर्फवाल्याला दोन्ही पायांच्या मधे घेतलं, त्याची मनगटं धरली, आणि अगदी निवांतपणे, आरामखुर्चीत रेलावं तसा, स्वतःच्या पाठीवर आडवा झाला.

शिट्टी वाजली.

"का थांबवलं?" कपाटाने खालून विचारलं. तो अजून मनगटाची पकड नीट करत होता.

 बर्फवाला बिचारा पंचांकडे बघतोय, पंच कपाटाकडे बघतायत. जिंकलेल्या माणसाला हसावं की नको कळेना. मग मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, झोप लागली काय त्याला?" आणि जो हशा पिकला म्हणता! कपाटाच्या तोंडचं पाणी पळालं. आपण काय केलं हे त्याला तेव्हा कळलं. दुसऱ्या कुणी पाडलं असतं तर एक वेळ ठीक होतं. हा गडी स्वतःहून, तब्येतीत आडवा झाला होता.

वस्ताद हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. तो खाली मान घालून समोर आला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "हे कुणी शिकवलं?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. पाय घसरला म्हणता आलं असतं. कपाट म्हणाला, "दुसरीकडे जातो, वस्ताद. मंगळवारी. वर्ष झालं."

वस्तादांनी गळ्यातला पंचा काढला, घडी घातली, स्टुलावर ठेवला आणि काठी टेकत निघून गेले.

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. वस्ताद मुलगी-जावयाच्याच घरात, खालच्या खोलीत राहायचे आणि जेवायला वर यायचे. एकाच टेबलावर समोरासमोर दोघं बसायचे आणि वस्ताद मुलीला म्हणायचे, "त्याला म्हणावं, मीठ इकडे सरकव." कपाट मीठ सरकवायचा. "त्याला म्हणावं, पुरे." ती आधी निरोप पोचवायची, मग एके दिवशी तिने आमटीचा डाव टेबलावर आपटला. "मी काय पोस्टमन आहे? हातभर अंतर नाही तुमच्यात! बाबा, तुमचं तोंड आहे ना जागेवर? आणि अहो, तुमचं?" दोघांनीही पानात तोंड खुपसलं. 

तालमीत जायची त्याची हिंमत होईना आणि मंगळवारीही तो जाईना. दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्याचे दोन्ही दगड निसटले होते. त्याला हरण्याचं काही वाटत नव्हतं. हरणं येतं आणि जातं. पण दहाव्या वर्षापासून ज्याच्या नजरेवर आपण मोठे झालो त्या माणसाने आता आपल्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं, तर माणसाने करायचं काय? कपाटं उचलताना पहिल्यांदाच त्याला वजन जाणवायला लागलं. एका जिन्याच्या वळणावर त्याने भिंतीचा पोपडा काढला. जोडीदाराने तो पायानेच कोपऱ्यात सारला.

मग चष्मेवालीचा निरोप आला. जुजुत्सूच्या स्पर्धेत तिने त्याचं नाव आधीच दिलेलं होतं, रविवारी यायचं की नाही ते कळवा. "नाही जात," कपाट म्हणाला.

"जा," बायको म्हणाली. "एका ठिकाणी तोंड काळं झालंच आहे, निदान दुसऱ्या ठिकाणी तरी दाखवून ये. घरात बसून दोघांची तोंडं बघायचा मला कंटाळा आलाय."

तो गेला. आणि रविवारी, स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच, अगदी मागच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला कोण बसलं होतं म्हणता? काठीवर हनुवटी टेकवून वस्ताद. शेजारी मुलगी. तिने त्यांना काय सांगून आणलं ते तिलाच ठाऊक. पण आपण जावयासाठी आलेलो नाही, आपल्या घरातली चोरी कुणी केली ते बघायला आलोय, असं वस्तादांनी तिला जिन्यातच बजावलं होतं.

ते बघत राहिले. पहिल्या दोन कुस्त्या त्यांनी नाक मुरडून बघितल्या. तिसरी बघताना ते पुढे वाकले. चौथीला त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला विचारलं, "पाठ टेकूनही चालू ठेवतात?" "हो, इथे पाठीचं काही नसतं." "मग संपतं कधी?" "थाप मारली की. नाहीतर गुणांवर." पुढची जोडी आली. एकाने थाप मारली, दुसऱ्याने लगेच हात काढला. वस्तादांनी परत विचारलं, "आणि नाही सोडलं तर?" "सोडतातच हो. न सोडून कसं चालेल? उद्या सराव कुणाबरोबर करायचा?"  वस्तादांचा हात उजव्या गुडघ्यावर होता आणि तो तिथे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मुलीला मात्र दिसलं.

कपाटाचं नाव पुकारलं. समोर उंच, लांब हातापायाचा तरुण. कपाट आत घुसला, त्याची मान धरली, कंबर खाली घातली आणि ढाक मारला. वस्तादांचा डाव, वस्तादांनी शिकवलेला, अगदी त्यांच्याच थाटात. तरुण हवेत फिरला आणि उताणा आदळला. कपाटाने दोन्ही खांदे दाबून धरले आणि, काय सांगू तुम्हाला, सवयीने पकड ढिली केली आणि पंचांकडे बघायला लागला. आता या घरची सवय नडली! खाली तरुणाचे पाय हळूच वर सरकायला लागले होते.

"अरे उठतोस कुठे गाढवा!" मागच्या रांगेतून आवाज आला. वखारीचं तळघर ज्या आवाजाने हादरायचं तोच आवाज. "तो जिवंत आहे अजून! दाब! छातीने दाब! पाय बघ त्याचे, पाय!"

कपाटाने वर बघितलं नाही. त्या आवाजाला बघावं लागत नाही. त्याने छाती खाली घातली, मान कवेत घेतली आणि वेळ संपेपर्यंत त्या तरुणाला हलू दिलं नाही. पंचांनी त्याचा हात वर केला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लोकांना वाटलं, घाम.

पुढच्या फेरीत तो हरला. एका बुटक्या माणसाने त्याचा हात असा पकडला की कोपर उलटायच्या बेतात आला. पंधरा वर्षांपूर्वीचा कपाट असता तर कोपर गेला असता आणि आठवडाभर त्याने ते कौतुकाने सांगितलं असतं. या कपाटाने थाप मारली. बुटक्याने सोडलं, त्याला उठवलं, दोघं हसले. कपाटाने भीत भीत मागे बघितलं. वस्तादांनी मान फिरवली नव्हती. ते त्याच्या कोपराकडे बघत होते. धड आहे ना, हलतोय ना, एवढंच बघत होते. मुलीने सांगितलं की तेव्हा त्यांनी हुश्श केलं. ते स्वतः हे मान्य करत नाहीत.

निघताना ते चष्मेवालीसमोर काठी टेकून उभे राहिले. ती चष्मा पुसत होती. "तुम्हीच का?" त्यांनी विचारलं.

"मीच. ढाक तुमचा का?"

"माझाच."

"सुरेख आहे. मला शिकवाल?"

वस्तादांची ही अपेक्षा नव्हती. ते भांडायची तयारी करून आले होते. त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली, खोकले, आणि हळू आवाजात विचारलं, "हे तुमचं... बसून खेळता येतं का? गुडघा नसेल तर?"

"बसून, आडवं, कसंही," ती म्हणाली. "उभंच राहायचं असं कुठे आहे?"

घरी जेवताना मीठ परत मुलीमार्फतच मागवलं गेलं. कपाटाला काही समजेना. गाढव म्हणाले, म्हणजे बोलले. पण ते गर्दीत बोललेले धरायचे की नाही?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको म्हणाली, "तालमीत जा. बाबांनी बोलावलंय."

"असं म्हणाले?"

"त्याला म्हणावं, ये, असं म्हणाले."

तो चौकटीखाली वाकून उतरला. पोरं जोर-बैठका काढत होती. त्याला बघून सगळी थांबली. वस्ताद स्टुलावर होते. त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग वाकून एकेक चप्पल काढली, शेजारी शेजारी नीट ठेवली, आणि भिंतीला धरून गादीवर पाऊल टाकलं.

 ते लंगडत लंगडत मध्यापर्यंत गेले, हात टेकून खाली बसले आणि दुखरा पाय लांब केला. "ये," ते कपाटाला म्हणाले. मधे निरोप्या नव्हता. "दाखव ते."

"काय, वस्ताद?"

"काय म्हणजे? पाठीवर पडून जे काय करतोस ते."

 "त्यासाठी... त्यासाठी तुम्हाला पाठीवर..."

"मला कळतं ते. मी म्हातारा झालोय, बहिरा नाही."

ते आधी कोपरावर झाले. मग कुशीवर, रोज झोपायचे तसे. तिथे बराच वेळ थांबले. एक पोरगा पुढे होत होता, त्याला कपाटाने हातानेच थांबवलं. मग वस्तादांनी डोळे मिटले आणि आपण होऊन, कुणीही न ढकलता, सावकाश पाठ गादीला लावली. आधी एक खांदा, मग दुसरा.

त्यांनी डोळे उघडले. बराच वेळ ते वर बघत राहिले.

"हे काय आहे वर?" त्यांनी विचारलं.

 कपाटच म्हणाला, "बदक, वस्ताद."

"हेच ते बदक?"

"हो."

"कधीपासून आहे?"

"मी आलो तेव्हापासून आहे. आम्ही सगळ्यांनी बघितलंय. तुम्हीच तेवढे..." 

वस्तादांचं पोट हलायला लागलं. आधी पोरांना वाटलं, त्यांना त्रास होतोय. मग हसू फुटलं, मोठं, तळघरभर. "एवढी वर्षं," ते म्हणत होते, "एवढी वर्षं माझ्याच डोक्यावर! आणि बदक कसलं रे हे? तुमचे डोळे फुटले का? किटली आहे ही. चक्क किटली! ही तोटी, हा कान."

"बदक आहे, वस्ताद," मागून एक पोरगा म्हणाला.

"ये इकडे. झोप इथे आणि सांग."

तो आडवा झाला. दुसरा झाला. पाच मिनिटांत अख्खी तालीम छताकडे बोटं नाचवत उताणी पडली होती आणि बदकवाले आणि किटलीवाले असे दोन तट पडले होते. कपाट वस्तादांच्या शेजारी पडला होता. त्याचा जीव आत्ता कुठे भांड्यात पडला होता. वखारीतल्या मोरीचा नळ बघायला हवा, असं कुणीतरी म्हणालं. वस्ताद म्हणाले, खबरदार कुणी हात लावाल तर.

मग त्यांनी कोपराने कपाटाला ढोसलं. "हं, पुरे आता. हा पाय कुठे ठेवायचा ते सांग."